वेदनायगम सॅम्युएल अझारिया

वेदनायगम सॅम्युएल अझारिया (१७ ऑगस्ट, इ.स. १८७४ – १ जानेवारी, इ.स. १९४५) हे अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप होते. डोर्नकल या धर्मप्रांताचे नेतृत्व त्यांनी इ.स. १९१२ पासून अखेरपर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे केले. डोर्नकल हे त्या काळी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. आज ते तेलंगणातील महबूबाबाद जिल्ह्यात येते. अझारिया तेथे गेले तेव्हा ख्रिस्ती मंडळी अगदी लहान होती. त्यांच्या मृत्यूच्या सुमारास धर्मप्रांतातील ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे दोन लाख झाली होती. धर्मप्रांताची हद्द पुढे वाढविण्यात आल्यामुळे आधीपासूनच्या काही मंडळ्याही या संख्येत समाविष्ट आहेत. तरीही मूळ वाढ फार मोठी होती आणि ती मुख्यतः गावोगावच्या निरक्षर, भूमिहीन माणसांनी घडवून आणली होती.

प्रारंभिक जीवन

अझारिया यांचा जन्म तिरुनेलवेली भागातील वेल्लालनविलै या खेड्यात नाडार समाजात झाला. ताडाच्या झाडांवर उपजीविका करणाऱ्या या समाजाला त्या काळच्या तमिळ समाजव्यवस्थेत खालचे स्थान होते. त्यांचे वडील थॉमस वेदनायगम यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता व ते ग्रामीण भागात पाळक म्हणून सेवा करीत. आई एलन या शिस्तप्रिय व धर्मनिष्ठ होत्या. तिरुनेलवेली येथील शिक्षणानंतर अझारिया मद्रास ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाले, परंतु पदवी न घेताच त्यांनी कॉलेज सोडले. पुढे इ.स. १९२० मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

इ.स. १८९५ मध्ये ते वाय.एम.सी.ए. या तरुणांच्या संस्थेचे कार्यकर्ते झाले. संस्थेच्या कामानिमित्त दक्षिण भारतभर फिरताना अमेरिकन कार्यकर्ते शेरवुड एडी यांच्याशी त्यांची मैत्री जडली व ती आयुष्यभर टिकली. इ.स. १८९८ मध्ये त्यांचा विवाह अन्बू मरियम्माळ यांच्याशी झाला. दक्षिण भारतात महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या पहिल्या काही ख्रिस्ती स्त्रियांमध्ये अन्बू यांची गणना होते.

स्वदेशी सुवार्ताकार्य

इ.स. १९०२ मध्ये अझारिया श्रीलंकेतील जाफना येथे गेले. तेथील तमिळ ख्रिस्ती मंडळी स्वतःच्या खर्चाने परक्या प्रदेशात सुवार्तिक पाठवीत असल्याचे त्यांनी पाहिले. तिरुनेलवेलीची मंडळी त्याहून कितीतरी मोठी व जुनी असूनही तिने असे काही केलेले नव्हते. परतल्यावर त्यांनी सहकाऱ्यांसह फेब्रुवारी १९०३ मध्ये तिरुनेलवेलीची भारतीय मिशनरी संस्था स्थापन केली. माणसे भारतीय, पैसा भारतीय आणि कारभारही भारतीय, हे या संस्थेचे तत्त्व होते. २५ डिसेंबर, इ.स. १९०५ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे राष्ट्रीय मिशनरी संस्थेची स्थापना झाली, तीतही त्यांचा पुढाकार होता. बंगभंगाविरोधात स्वदेशीची चळवळ जोरात असतानाच ही संस्था निघाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तिरुनेलवेलीच्या संस्थेने कार्यासाठी तेलुगू भाषिक डोर्नकलची निवड केली. दुसऱ्यांना तेथे जाण्याचे आवाहन करणाऱ्याने स्वतः मागे राहू नये, असे अझारियांना वाटू लागले. वाय.एम.सी.ए.तील मानाचे पद सोडून इ.स. १९०९ मध्ये त्यांनी पाळकपदाची दीक्षा घेतली व वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते डोर्नकलला राहावयास गेले. सुरुवातीस त्यांचा मुक्काम तंबूत होता. तमिळ मातृभाषा असलेल्या या गृहस्थाला तेलुगू मुळापासून शिकावी लागली.

एडिंबरो परिषद व बिशपपद

इ.स. १९१० मध्ये एडिंबरो येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत अझारियांनी केलेले भाषण गाजले. परदेशी मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल कृतज्ञता व्यक्त करून, ते भारतीय सहकाऱ्यांना बरोबरीने वागवीत नाहीत, त्यांच्यासोबत जेवत नाहीत, ही खंत त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडली आणि शेवटी मैत्रीची मागणी केली. श्रोत्यांपैकी काहींना हे बोलणे झोंबले.

मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी बिशपपदासाठी अझारियांचे नाव पुढे केले तेव्हा युरोपीय मिशनऱ्यांप्रमाणे काही भारतीय ख्रिस्ती लोकांनीही विरोध केला. अखेर २९ डिसेंबर, इ.स. १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. युरोपीय पाळकांवर भारतीय बिशपाचा अधिकार चालण्याचे ते पहिलेच उदाहरण ठरले.

मंडळीची वाढ

डोर्नकल परिसरात ख्रिस्ती झालेले लोक प्रामुख्याने माला व मादिगा या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील शेतमजूर व चर्मकार होते. एवढ्या लोकांपर्यंत पोहोचण्यास पगारी उपदेशक पुरणार नाहीत, हे अझारियांनी ओळखले. त्यांच्या मते सुवार्ता सांगणे हे बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाचे कर्तव्य होते. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना ते स्वतःच्या मस्तकावर हात ठेवून ती जबाबदारी उच्चारावयास लावीत. वर्षातून एकदा साक्षीचा सप्ताह पाळला जाई. त्या काळात गावातील स्त्रीपुरुष लहान लहान गटांनी, गाणी म्हणत, शेजारच्या वाड्यांवर जात आणि आपल्या जीवनात काय बदल झाला ते आपल्या बोलीत सांगत. व्याख्यान देण्याची अपेक्षा नसे. नातेवाईक, सोयरे आणि शेतावर सोबत राबणारे यांच्यामार्फत हे काम एका गावातून दुसऱ्या गावात सरकत गेले.

बैलगाडीने किंवा सायकलने प्रवास करीत अझारिया स्वतः खेडोपाडी जात. बिशपाच्या भेटीत दारूबंदी, स्वच्छता, कर्ज, मुलांची शाळा, घरातील भांडणे अशा विषयांची चौकशी होई. बाप्तिस्म्यापूर्वी शिकवण घेणे आवश्यक होते. केवळ संख्या वाढावी म्हणून ही अट सैल करण्यास त्यांची तयारी नव्हती. तथापि शिकू इच्छिणारे अनेक आणि शिकविणारे थोडे, ही अडचण त्यांना सतत भेडसावीत राहिली. त्यासाठी डोर्नकल येथे ग्रामशिक्षक व पाळक यांच्या प्रशिक्षणाची सोय करण्यात आली. प्रशिक्षणार्थींच्या पत्नींनाही शिक्षण दिले जाई, कारण खेड्यातील स्त्रियांपर्यंत त्याच पोहोचू शकत. या कामात अन्बू अझारिया यांचा वाटा मोठा होता, मात्र चरित्रकारांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

गरीब मंडळीनेही दान द्यावे, असा अझारियांचा आग्रह असे. पैसा नसेल तर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढावे, सुगीला धान्य आणावे, अशी रीत पडली. सर्वांत अवघड प्रश्न जातीचा होता. बाप्तिस्म्यानंतरही माला व मादिगा एकमेकांपासून दूर राहत. प्रभुभोजनास सर्वांनी एकत्र यावे, यावर अझारिया ठाम राहिले, परंतु हा भेद त्यांच्या हयातीत पूर्णपणे मिटला नाही. या मजुरांच्या राहणीत पडलेला फरक पाहून पुढे काही सवर्ण शेतकरी कुटुंबेही मंडळीत आली.

राष्ट्रीय प्रश्न व मतभेद

येवला येथे इ.स. १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. त्यानंतर दलितांच्या धर्मांतराचा प्रश्न देशभर तीव्र झाला. महात्मा गांधींचा सामूहिक धर्मांतरास विरोध होता; तर आपल्या भागातील माणसे स्वतःच्या इच्छेने येतात व त्यांना तो अधिकार आहे, अशी अझारियांची भूमिका होती. दोघांत या प्रश्नावर समेट झाला नाही. त्याच वेळी ख्रिस्ती लोकांसाठी स्वतंत्र मतदारसंघ ठेवण्यास मात्र अझारियांनी विरोध केला. मंडळीने राजकीय गट बनू नये, असे त्यांचे मत होते.

इ.स. १९२९ पासून अखेरपर्यंत ते राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचे अध्यक्ष होते. या संस्थेचे मुख्यालय आज नागपूर येथे आहे. व्हाइटहेड यांच्यासह त्यांनी भारतीय खेड्यांतील ख्रिस्ती कार्यावर लिहिलेले पुस्तक इ.स. १९३० मध्ये प्रसिद्ध झाले.

डोर्नकलचे कॅथेड्रल

डोर्नकल येथील एपिफनी कॅथेड्रलचे समर्पण ६ जानेवारी, इ.स. १९३९ रोजी झाले. घुमट व मिनार मुसलमानी धाटणीचे आणि खांब मंदिरातल्यासारखे, अशी या वास्तूची रचना आहे. उपासनेतही तेलुगू चालींची गीते गायली जात.

१ जानेवारी, इ.स. १९४५ रोजी अझारिया यांचे डोर्नकल येथे निधन झाले. इ.स. १९१९ च्या तरंगमबाडी परिषदेपासून ज्या चर्च-ऐक्यासाठी ते झटत होते, ते त्यांच्या निधनानंतर २७ सप्टेंबर, इ.स. १९४७ रोजी चर्च ऑफ साउथ इंडियाच्या रूपाने अस्तित्वात आले. डोर्नकल धर्मप्रांत आज त्याच चर्चचा भाग आहे.