जेऊरचे सूर्यग्रहण आणि प्रा. कावसजी नायगमवाला

दिनांक २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गाच्या किनाऱ्यावरून ईशान्येकडे सरकत सोलापूर जिल्ह्यातील जेऊर रेल्वेस्थानकाच्या परिसरात पोहोचली. हे जेऊर करमाळा तालुक्यात आहे; अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे कर्जत व जामखेड हे तालुके त्या तालुक्याला लागूनच आहेत. (नगर तालुक्यातही एक जेऊर आहे, ते हे नव्हे.) अमेरिकेतील लिक वेधशाळेचे पथक तेथे आले होते. तेथेच पुण्याच्या एका पारशी प्राध्यापकांनीही आपली यंत्रे मांडली होती.

कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा. १८७८ साली एम.ए. झाल्यावर ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवू लागले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५,००० रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारने तितकीच भर घातली आणि १८८८ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी राहिली. तेथील ग्रब कंपनीची २० इंची परावर्तक दुर्बीण पुढे कित्येक दशके भारतातील सर्वांत मोठी होती.

नायगमवाला यांचा स्वभाव एका प्रसंगातून आम्हांला विशेष कळतो. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटातील मुख्य रेषा एका बाजूने धूसर असावी, असे त्या काळचे बडे शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांच्या सिद्धान्तावरून निघत होते. पुण्याहून पाहणाऱ्या नायगमवालांना ती रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव दिसली. १८९१ साली त्यांनी तसे स्पष्ट प्रसिद्ध केले. ते बरोबर होते, हे काळाने दाखवून दिले.

ग्रहणासाठी एवढा खटाटोप का? सूर्याभोवतालचा प्रभामंडल, म्हणजे करोना, एरवी सूर्याच्या तेजात लोपून जातो. त्याचा प्रकाश त्याचा स्वतःचा की सूर्याकडून येऊन विखुरलेला, हे ध्रुवित प्रकाश ओळखणाऱ्या यंत्राने कळते. १८६८ च्या ग्रहणात जमखंडी येथे असा वेध घेतला गेला होता. नायगमवालांचे साधन मात्र वर्णपटदर्शक होते, म्हणजे तेथील द्रव्य कोणते हे शोधणारे. अवघ्या दोन मिनिटांच्या काळोखात त्यांनी वर्णपटाची छायाचित्रे घेतली. पुण्यात प्लेगने हाहाकार माजवला होता, त्याच काळातली ही गोष्ट! त्यांचा अहवाल १९०२ साली मुंबईत छापला गेला. आज हेच दोन्ही प्रकारचे वेध घेण्याची योजना २०२३ साली प्रक्षेपित झालेल्या आदित्य यानावर आहे, आणि त्यातील एक दुर्बीण पुण्याच्याच आयुका संस्थेत घडली.

आम्हांला खंत वाटते ती पुढच्या भागाची. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद करण्यात आली. जणू ती एका माणसापुरतीच होती. यंत्रे कोडाईकॅनॉलला गेली. तेथे ती २० इंची दुर्बीण भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली जाऊ लागली. देणगीदार महाराजांचे नाव तिला चिकटले, तिच्यातून पाहणाऱ्याचे नाही. १९३८ साली नायगमवालांचे निधन झाले, तेव्हा पुण्याची वेधशाळा बंद होऊन २६ वर्षे लोटली होती.