इब्न खल्दून आणि अदृष्टाचे व्यापारी

ताईत, रमल आणि किमया हे तीन शब्द आपण मराठीत इतक्या सहजपणे वापरतो की ते परके आहेत याची आठवणही राहत नाही. लाडक्या माणसाला आपण गळ्यातला ताईत म्हणतो आणि कुणी अवघड काम तडीस नेले की त्याने किमया केली असे म्हणतो. हे तिन्ही शब्द अरबीतले, फार्सीच्या वाटेने आपल्याकडे आलेले. अरबीत रमल म्हणजे वाळू. वाळूवर ठिपके आणि रेघा काढून भविष्य सांगणारे लोक उत्तर आफ्रिकेच्या शहरांत दुकाने थाटून बसत. सहाशे वर्षांपूर्वी असल्या धंद्यांची ज्याने कसून उलटतपासणी केली, त्या इब्न खल्दूनचे चरित्र मला येथे सांगायचे आहे. आपल्या क्रमिक पुस्तकांत समाजशास्त्राचा एक आद्य प्रवर्तक म्हणून त्याचे नाव एखाद्या ओळीत येते आणि जाते. मला मात्र त्याचा दुसराच एक प्रश्न अधिक जवळचा वाटतो. ईश्वराकडून आलेला संदेश कोणता आणि मांत्रिकाची करामत कोणती, हे साध्या माणसाने ओळखायचे कसे?

१३३२ च्या मे महिन्यात ट्यूनिस शहरी त्याचा जन्म झाला. घराणे मूळचे दक्षिण अरबस्तानातील हद्रमौतचे. तेथून ते स्पेनमध्ये गेले आणि सेव्हिल शहरात पिढ्यानपिढ्या सत्तेच्या वर्तुळात वावरले. १२४८ मध्ये सेव्हिल ख्रिस्ती राजाच्या हाती गेले. त्याच्या आधीच या मंडळींनी समुद्र ओलांडून आफ्रिकेचा किनारा गाठला होता. इब्न खल्दूनच्या वडिलांनी राजकारण सोडून विद्याव्यासंग पत्करला आणि मुलालाही कुराण, हदीस, व्याकरण व धर्मशास्त्र यांचे रीतसर शिक्षण दिले. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असताना १३४८-४९ ची महामारी आली. आई गेली, वडील गेले, बहुतेक गुरू गेले. पुढे इतिहास लिहिताना त्याने या साथीने जगाचे रूपच पालटून टाकल्याचे नमूद केले आहे. घरोघरी माणसे मरत असताना उद्या काय होणार हे सांगणाऱ्याच्या दुकानापुढे गर्दी होणारच. इब्न खल्दून अशा काळात वाढला हे ध्यानात ठेवले पाहिजे.

सुदैवाने अल्-आबिली नावाचा तर्कशास्त्र व गणित जाणणारा एक गुरू त्याला लाभला. पुढची वीस-बावीस वर्षे म्हणजे दरबारी उलाढालींची एक लांबलचक मालिका आहे. ती मी थोडक्यात आटोपतो. विशीत ट्यूनिसच्या दरबारी नोकरी, तेथून मोरोक्कोत फेझच्या सुलतानाकडे. तेथे कटाचा संशय येऊन १३५७ मध्ये तुरुंगवास घडला आणि सुलतान मेल्यावरच सुटका झाली. मग स्पेनमध्ये ग्रॅनडाच्या दरबारी. १३६४ मध्ये कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाकडे वकील म्हणून तो सेव्हिलला, म्हणजे आपल्या पूर्वजांच्याच गावी, गेला. येथेच राहशील तर तुझ्या घराण्याची मिळकत परत देतो, असे राजाने सुचवले. इब्न खल्दूनने नम्रपणे नकार दिला. पुढे बिजाया, बिस्करा, पुन्हा फेझ. धनी बदलण्यात तो कधी मागे राहिला नाही, आणि हा त्याचा गुण होता असे मी म्हणणार नाही.

या काळातील एक घटना मात्र विसरता येत नाही. ग्रॅनडाचा वजीर इब्न अल्-खतीब हा मोठा कवी आणि इब्न खल्दूनचा स्नेही. राजकारणात त्याचे पारडे फिरले तसा त्याच्यावर धर्मबाह्य विचारांचा आरोप आला आणि फेझच्या तुरुंगात गळा आवळून त्याला मारण्यात आले. त्याच्यासाठी इब्न खल्दूनने रदबदली केली, ती व्यर्थ गेली. धर्माच्या नावाने काय काय करता येते, हे त्याने ग्रंथात वाचले होतेच. आता ते स्वतःच्या मित्राच्या बाबतीत पाहिले.

१३७५ मध्ये या सर्वाला विटून, आणि थोडे भिऊनही, तो आजच्या अल्जीरियातील इब्न सलामाच्या गढीत कुटुंबासह जाऊन राहिला. तेथे सुमारे चार वर्षे काढली. जगाचा इतिहास लिहावा असे मनात होते. त्याची प्रस्तावना म्हणून जे लिहायला घेतले तेच मुकद्दिमा या नावाने प्रसिद्ध झाले. तिचा पहिला खर्डा १३७७ मध्ये अवघ्या पाच महिन्यांत पुरा झाला. पुढे तो आयुष्यभर त्यात भर घालत आणि दुरुस्त्या करत राहिला.

मुकद्दिमा म्हटले की आपण टोळ्यांची एकजूट, राज्यांचा उदय आणि अस्त एवढेच आठवतो. मी ती प्रथम चाळली तीही त्यासाठीच. पण तिच्यात पैगंबर, काहिन म्हणजे प्राचीन अरबांतील देवऋषी, जादूगार, ज्योतिषी आणि किमयागार यांवर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत, आणि त्यांतली काही तर आजच्या बाजारपेठेत उभे राहून लिहिल्यासारखी वाटतात. गुप्तधन शोधणाऱ्यांचे प्रकरण पाहा. मगरिबात, म्हणजे पश्चिमेकडील मुस्लिम मुलखात, स्वतःला विद्यार्थी म्हणवणारे काही निरुद्योगी लोक कडा फाटलेला जुनाट कागद घेऊन धनिकाकडे जात. कागदावर अगम्य लिपी असे. जमिनीखालच्या ठेव्याची ही खूण आहे, तिच्यावर मंत्राचा पहारा आहे, खोदाईपुरता खर्च तेवढा द्या, अशी बतावणी. इब्न खल्दून विचारतो की, ज्याने धन मंत्राने बंदिस्त करण्याएवढी खबरदारी घेतली, तो ते कुठे पुरले हे कागदावर लिहून कशाला ठेवील? आणि मग तो खरा मुद्दा मांडतो. जमिनीतून धन काढणे हा उपजीविकेचा स्वाभाविक मार्ग नव्हे. संपत्ती श्रमातून आणि वस्तीच्या भरभराटीतून येते, आणि ज्यांना श्रमाने पोट भरणे जमत नाही किंवा ज्यांची चैन कमाईबाहेर गेली आहे, तेच या नादी लागतात.

किमयेबद्दलही तेच. इब्न सीना म्हणाला की धातूचे सोने होणे अशक्य. अल्-फाराबी म्हणाला की शक्य आहे. इब्न खल्दून येथे मिस्किलपणे दाखवतो की पहिला वजीर होता, खाऊनपिऊन सुखी. दुसऱ्याला दोन वेळच्या अन्नाची भ्रांत होती. एवढ्या दोन थोर तत्त्वज्ञांची मतेसुद्धा त्यांच्या ताटापर्यंत नेऊन भिडवणारा माणूस मला तरी दुसरा आढळला नाही.

फलज्योतिषावर त्याने स्वतंत्र प्रकरणच लिहिले. एका ग्रहयोगाचा अनुभव पुन्हा घ्यायचा तर शतके लोटतात आणि माणसाचे आयुष्य त्याला पुरत नाही. शिवाय एखादे भाकीत चुकून खरे ठरले की लोक बाकीचीही खरी धरतात, राज्य बुडणार म्हणून वाट पाहू लागतात, आणि शत्रू व बंडखोर त्याचा फायदा घेतात. अखेरच्या काळात येणाऱ्या महदीविषयीच्या हदीसही त्याने एकेक करून पारखल्या आणि आक्षेपातून सुटणाऱ्या फारच थोड्या असल्याचे सांगितले. महदी म्हणून उठलेले आणि मारले गेलेले मगरिबातले काही लोक त्याला ठाऊक होते. पाठीशी संघटित जमात नसेल तर खऱ्या पैगंबराचेही कार्य तडीस जात नाही, मग या भोळ्यांचे काय जाणार, असा त्याचा सवाल.

येथवर वाचून मी त्याला मनोमन बुद्धिवादी ठरवून टाकले होते. पुढे चक्क ठेच लागली. जादू खोटी आहे असे इब्न खल्दून कुठेच म्हणत नाही. कुराणात जादूचा उल्लेख आहे, गाठींवर फुंकर घालणाऱ्यांचा आहे. तेव्हा तिचे अस्तित्व त्याला मान्य आहे. शत्रूची बाहुली करून तिच्यावर मंत्र टाकणारा जादूगार आपण डोळ्यांनी पाहिला असे तो लिहितो. नुसत्या बोटाच्या खुणेने जनावराचे पोट फाडणारे लोक मगरिबात आहेत आणि त्यांच्यातील काहींना आपण भेटलो, असेही लिहितो. एवढेच नव्हे, तर एका जादूच्या ग्रंथातील विशिष्ट शब्द झोपताना उच्चारून आपल्याला हवी ती स्वप्ने पडल्याची कबुलीही देतो. शब्दांनी स्वप्न घडत नाही, मनाची तयारी तेवढी होते, अशी पुस्ती तो जोडतो हे खरे. पण प्रयोग त्याने केला होता.

मग फरक कुठे? मला वाटते, त्याच्या विचाराचे मोल येथेच आहे. चमत्कार घडला की नाही, ही कसोटीच तो बाजूला ठेवतो. चमत्कार जादूगारही करील. काहिनाला अदृष्टाचे ओझरते दर्शन घडते, पण त्यासाठी त्याला यमकबद्ध शब्द, आरसा, पाण्याचे भांडे, प्राण्याचे हाड असे काहीतरी टेकू म्हणून लागते, आणि त्याच्या बोलण्यात खऱ्याखोट्याची भेसळ होते. पैगंबराला साधन लागत नाही. त्याचा आत्मा क्षणभर मानवी अवस्था ओलांडतो आणि परत येतो, आणि तो क्षण इतका कष्टाचा असतो की थंडीच्या दिवसातही महंमद पैगंबरांच्या कपाळावर घाम येई. जादूगाराची शक्ती त्याच्या स्वतःच्या मनाची आणि वाकड्या हेतूची. पैगंबराला ईश्वराचे पाठबळ आणि त्याचे कार्य कल्याणाचे. आणि ओळखायचे कसे? त्याच्या आधीच्या आयुष्याकडे पाहून. खदीजा आणि अबू बक्र यांनी चमत्कार मागितला नाही. महंमदांचे चारित्र्य त्यांनी पाहिले होते, तेवढा पुरावा त्यांना पुरला. भुताखेतांवर विश्वास नसणाऱ्या माझ्यासारख्यालाही ही कसोटी हातात धरता येते, कारण ती डोळे दिपवणाऱ्या गोष्टीकडून माणसाच्या वागणुकीकडे नेते.

१३८२ मध्ये तो इजिप्तला गेला आणि उरलेले आयुष्य त्याने कैरोत काढले. १३८४ मध्ये सुलतान बरकूकने त्याला मालिकी पंथाचा मुख्य न्यायाधीश नेमले. लबाड साक्षीदार आणि अर्धवट मुफ्ती यांच्यावर त्याने असा बडगा उगारला की लवकरच पदावरून दूर व्हावे लागले. पुढेही नेमणूक व बडतर्फी असे चक्र चालू राहिले. मरेपर्यंत सहा वेळा तो त्या खुर्चीवर बसला. त्याच सुमारास ट्यूनिसहून त्याचे कुटुंब घेऊन येणारे गलबत अलेक्झांड्रियाजवळ बुडाले आणि घरची माणसे, चीजवस्तू सारे गेले. त्यानंतर १३८७ मध्ये तो हजला गेला.

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. १४०१ च्या जानेवारीत तैमूरलंगाने दमास्कसला वेढा घातला होता. इजिप्तचा तरुण सुलतान कैरोत बंड होणार या वार्तेने घाईघाईने परतला आणि अडुसष्ट वर्षांचा इब्न खल्दून शहरात अडकला. पहाटे त्याला दोरांनी तटावरून खाली सोडण्यात आले आणि तो तैमूरच्या तंबूत गेला. मनात भीती होती, हे त्यानेच लिहिले आहे. त्याने तैमूरला सांगितले की आपल्या भेटीची आस मला तीस-चाळीस वर्षांपासून आहे. त्याला कारणे दोन दिली. पहिले त्याच्या स्वतःच्या सिद्धान्ताचे: सत्ता जमातीच्या एकजुटीवर उभी राहते आणि तुर्कांची एकजूट सर्वांत मोठी. दुसरे कारण असे की, गुरू-शनीच्या युतीवरून तंबूत राहणाऱ्या लोकांतून एक महान विजेता निपजणार, असे मगरिबातील ज्योतिषी पूर्वीच सांगत होते, आणि साधुपुरुषही त्याच्या उदयाची वाट पाहत होते.

ज्योतिषावर प्रकरण लिहिणारा हाच तो माणूस! मी या पानापाशी बराच वेळ थांबलो. जीव वाचवण्यासाठी केलेली खुशामत म्हणावी, तर त्या भाकितांची हकीकत, कुणाला कधी विचारले यासकट, त्याने सुरक्षित कैरोत परतल्यावर आत्मचरित्रात स्वस्थपणे लिहिली आहे. त्याचा विश्वास होता म्हणावे, तर मुकद्दिमेतले प्रकरण त्याने खोडलेले नाही. मला वाटते, दोन्ही गोष्टी त्याच्यात होत्या. अदृष्टाचा बाजार कसा चालतो हे त्याला पुरते कळले होते, आणि आयुष्यात एकदा, खऱ्या भीतीच्या घटकेला, त्या बाजारातला माल त्याने स्वतः विकला. ते लपवले मात्र नाही.

तैमूरच्या छावणीत तो महिनाभराहून अधिक काळ होता. त्याच्या आज्ञेवरून मगरिबाचे वर्णन लिहून दिले; कुराणाची प्रत, नमाजाचे आसन आणि इजिप्तच्या मिठाईचे चार डबे नजर केले. या काळातच दमास्कस लुटले गेले आणि तेथील प्रसिद्ध मशीद जळाली. निघताना तैमूरने त्याचे खेचर मागितले, ते त्याने देऊन टाकले. परतीच्या वाटेवर चोरांनी त्याला नागवले. काही काळाने खेचराची किंमत घेऊन तैमूरकडून माणूस आला, तेव्हा आधी सुलतानाच्या कानावर घालून मगच त्याने ते पैसे घेतले. १७ मार्च १४०६ रोजी, सहाव्यांदा न्यायाधीश झाल्यावर थोड्याच दिवसांत, तो कैरोत वारला. शहराच्या बाबुन्नस्र दरवाजाबाहेर सूफींच्या दफनभूमीत त्याला पुरले.