भक्षक पेशींचे संशोधक : इलिया मेच्निकॉव

इलिया मेच्निकॉव यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल ते दह्यामुळे. आंबवलेले दूध नित्य घेतल्यास म्हातारपण लांबते, असे त्यांचे मत होते व त्याचा फार गाजावाजा झाला. त्यांचे खरे मोठेपण आम्हांला दुसऱ्याच कामात दिसते.

१८४५ साली खारकोव्हजवळ, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, त्यांचा जन्म झाला. ओडेसा विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकवीत. १८७३ साली पहिली पत्नी क्षयाने वारली, तेव्हा दुःखाच्या भरात त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले. १८८२ साली नोकरी सोडून ते सिसिली बेटावरील मेसिना येथे राहावयास गेले.

तेथे एके दिवशी घरची मंडळी सर्कशीला गेली, हे मात्र सूक्ष्मदर्शकापाशीच बसले. ताराफिशची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांच्या अंगात त्यांनी गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! परक्या वस्तूला या पेशी गिळू पाहतात, हे त्यांनी ओळखले. बेडकाच्या पिल्लाची शेपूट नाहीशी होताना तिचे निकामी स्नायूही अशाच पेशी खातात, हे त्यांनी दाखविले.

जर्मन पंडितांना हे पटेना. रोगजंतू मारतात ती रक्तातील द्रव्ये, पेशी नव्हेत, असा त्यांचा आग्रह. १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले तेही विरोधी पक्षाच्या पॉल एर्लिख यांच्याबरोबर विभागून! १९१६ साली मेच्निकॉव पॅरिसमध्ये वारले.

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. त्या फुटण्याआधीच भक्षक पेशी त्यांना उचलतात. ही झाडलोट रेंगाळली की मृत पेशींच्या केंद्रातील माल उघड्यावर पडतो, शरीर त्यालाच शत्रू समजते व आपल्याच अवयवांवर उलटते. लुपस या रोगामागे हे एक कारण असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. तो स्त्रियांना पुष्कळ अधिक होतो. सांधे दुखतात, उन्हाने चेहऱ्यावर चट्टे येतात, थकवा जात नाही. आणि घरचे मात्र त्याला आळस म्हणतात. पुढे मूत्रपिंडेही बिघडू शकतात, म्हणून डॉक्टरांना वेळीच दाखवावे.

मृत पेशींना जणू खूण करणारे सी-वन-क्यू नावाचे प्रथिन रक्तात असते. ते जन्मतःच नसलेल्या बहुतेकांना लुपस होतो. १९९८ साली असे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडांत मृत पेशी साचलेल्या आढळल्या. गंमत अशी की हे प्रथिन विरोधी पक्षाच्या त्या रक्तद्रव्यांपैकीच एक आहे.