जॉन न्यूटन

लंडन शहरात थेम्स नदीच्या काठी वॉपिंग नावाची दर्यावर्दी लोकांची वस्ती होती. तेथे १७२५ साली जॉन न्यूटनचा जन्म झाला. गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगणारा शास्त्रज्ञ न्यूटन तो हा नव्हे. जॉनचे वडील व्यापारी जहाजाचे कप्तान असल्यामुळे बहुधा समुद्रावरच असत. आई मोठी धर्मशील होती. तिने त्याच्याकडून बायबलमधील वचने व स्तोत्रे पाठ करवून घेतली. परंतु जॉनला सात वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच ती क्षयाने वारली. अकराव्या वर्षी जॉन वडिलांबरोबर समुद्रावर गेला आणि आईची शिकवण हळूहळू विसरत चालला.

तारुण्यात तो उच्छृंखल झाला. ईश्वराची टवाळी करण्यात त्याला भूषण वाटे. १७४४ साली त्याला बळजबरीने इंग्लंडच्या आरमारात भरती करण्यात आले. तेथून तो पळाला, पकडला गेला व त्याला फटक्यांची शिक्षा झाली. पुढे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तो एका गुलामांच्या व्यापाऱ्याकडे चाकरीस राहिला. तेथे त्याचे फार हाल झाले. तो तापाने फणफणत असता घोटभर थंड पाणीही त्याला मिळेना. अशा वेळी साखळदंडांनी जखडलेल्या गुलामांनी आपल्या तुटपुंज्या घासातला घास चोरून त्याला आणून दिला. त्या दुर्दशेतही भूमितीचे एक पुस्तक त्याने जपून ठेवले होते. समुद्राच्या वाळूवर आकृत्या काढून तो त्यातील सिद्धान्त शिकला.

वडिलांच्या विनंतीवरून 'ग्रेहाउंड' जहाजाच्या कप्तानाने १७४७ साली त्याचा शोध लावला. त्या जहाजातून घरी परतत असता मार्च १७४८ मध्ये अटलांटिक महासागरात भयंकर वादळ झाले. लाटांनी जहाजाच्या एका बाजूच्या फळ्या उखडून टाकल्या. जॉनऐवजी वर गेलेला एक सोबती त्याच क्षणी लाटेबरोबर वाहून गेला. जहाजात मेण व हलके लाकूड भरलेले होते, म्हणूनच ते तरंगत राहिले. जॉनने कित्येक तास पंपाने पाणी उपसले व नंतर सुकाणू धरले. टवाळी करणाऱ्या त्या मुखातून आपोआप ईश्वराच्या दयेची याचना बाहेर पडली. सुमारे चार आठवड्यांनी जहाज आयर्लंडच्या किनाऱ्यास लागले.

त्या दिवसापासून जॉन प्रार्थना करू लागला. त्याच्या तोंडची शिवीगाळ थांबली. परंतु माणूस एका रात्रीत पुरता बदलत नाही. हाच जॉन १७५० साली गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजाचा कप्तान झाला! १७५४ पर्यंत त्याने अशा तीन सफरी केल्या. रविवारी तो जहाजावर खलाशांसह उपासना करी आणि खाली त्याच जहाजाच्या पोटात शेकडो स्त्रीपुरुष बेड्यांत तळमळत असत. ज्यांच्या बांधवांनी आपल्याला उपाशी असता जेवू घातले, त्यांनाच आपण विकावयास नेत आहोत, हे त्याला उमगले नाही. त्या काळी हा व्यापार प्रतिष्ठेचा मानला जाई. अखेरीस त्याने समुद्र सोडला तोही पश्चात्तापामुळे नव्हे, तर आजारपणामुळे.

नंतर लिव्हरपूल बंदरात जहाजांच्या तपासणीचे काम करीत असता त्याने ग्रीक व हिब्रू भाषांचा अभ्यास केला. १७६४ साली तो ओल्नी या गावी धर्मोपदेशक झाला. हातांनी लेस विणून पोट भरणाऱ्या तेथील गोरगरिबांत न्यूटन रमले. त्यांच्यासाठी त्यांनी अनेक स्तोत्रे रचली. त्यांपैकी 'अमेझिंग ग्रेस' हे स्तोत्र आज जगभर गायिले जाते. कवी विल्यम कूपर व न्यूटन यांच्या स्तोत्रांचा संग्रह १७७९ साली प्रसिद्ध झाला.

दीनदुबळ्यांच्या सहवासात न्यूटन यांचे अंतःकरण अधिकाधिक कोमल होत गेले. १७८५ साली, ते लंडनमध्ये असता, विल्बरफोर्स नावाचा तरुण पार्लमेंट-सभासद त्यांच्या सल्ल्यास आला. राजकारण सोडून केवळ धर्मकार्यास वाहून घ्यावे की काय, असा प्रश्न त्याच्यापुढे होता. पार्लमेंटमध्ये राहूनच ईश्वराची सेवा करावी, असा सल्ला न्यूटन यांनी दिला. हाच विल्बरफोर्स पुढे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढला.

१७८८ साली न्यूटन यांनी त्या व्यापारावर एक पुस्तिका लिहिली. समुद्र सोडून तेव्हा चौतीस वर्षे लोटली होती. जहाजावरील अनन्वित क्रूरता त्यांनी उघड केली व तीत आपलाही हात होता, हे लाजेने मान्य केले. ही कबुली फार उशिरा येत आहे, हेही त्यांनी लपविले नाही. पुढे चौकशी समितीसमोर त्यांनी साक्षही दिली. प्रत्यक्ष कप्तानाचीच ही साक्ष असल्यामुळे तिला मोठे वजन होते.

मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा झाला. वृद्ध न्यूटन यांची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेली होती, परंतु ही वार्ता ऐकावयास ते हयात होते. त्याच वर्षी २१ डिसेंबरला त्यांचा अंत झाला. आपल्या स्मृतिशिलेवरील मजकूर त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. त्यात ईश्वराच्या कृपेबरोबर आपल्या पूर्वायुष्याचाही त्यांनी स्पष्ट उल्लेख केला आहे. वादळाने त्यांना जागे केले खरे, पण पुरते जागे होण्यास त्यांना अर्धे आयुष्य लागले.