हेन्री सॉर्बी : पोलादाच्या पोटात डोकावणारा माणूस

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीलाच तिथं ‘एक कोयता’ म्हणतात. मजुरी टनावर मिळते, म्हणजे कोयत्याची धार गेली की कमाई घटली. लोहार लालभडक पातं पाण्यात बुडवतो, त्याला आपण ‘पाणी देणं’ म्हणतो. पाणी कमी बसलं तर धार वळते, जास्त बसलं तर पातं मोडतं. पोलाद तर तेच, मग बदलतं काय?

याचं उत्तर डोळ्यांनी दिसेल अशी वाट ज्यानं काढली, तो हेन्री क्लिफ्टन सॉर्बी.

चाकू-विळ्यांच्या गावातला मुलगा

सॉर्बीचा जन्म १० मे १८२६ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्डजवळ झाला. शेफील्ड म्हणजे चाकू, विळे आणि हत्यारं बनवणारं गाव, आणि सॉर्बी घराणंही त्याच धंद्यातलं. १८४७ मध्ये वडील वारले. घरात पुरेसा पैसा होता, त्यामुळे त्यानं नोकरी केलीच नाही. घरातच प्रयोगशाळा थाटली आणि आयुष्यभर संशोधन केलं. लग्नही केलं नाही.

सुरुवात दगडांपासून झाली. दगड घासून घासून इतका पातळ करायचा की त्यातून उजेड आरपार जाईल, आणि मग तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. डोंगर काय सूक्ष्मदर्शकातून बघायचे असतात, असं म्हणून लोक हसले. पण पुढं सगळे भूगर्भशास्त्रज्ञ हीच पद्धत वापरू लागले.

दगडाकडून पोलादाकडे

आकाशातून पडलेल्या उल्कांचा अभ्यास करता करता तो लोखंडाकडे वळला. इथं अडचण होती. धातू कितीही घासला तरी त्यातून उजेड जात नाही. तोवर लोक धातू मोडून त्याची मोडलेली बाजू बघायचे, पण तिथं सगळं वेडंवाकडंच दिसतं.

सॉर्बीनं १८६३ मध्ये वेगळं केलं. पोलादाचा तुकडा आरशासारखा घासला, त्यावर पातळ आम्ल लावलं आणि वरून उजेड पाडून बघितलं. आम्ल धातूचे सगळे भाग सारखे खात नाही, त्यामुळे आतली नक्षी उघडी पडली. पोलाद एकसंध नव्हतंच! १८६४ मध्ये त्यानं हे बाथ शहरातल्या विज्ञानसभेत मांडलं, पण जवळजवळ वीस वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. तो दुसऱ्या कामांना लागला. एक नौका घेतली आणि समुद्री जीवांचा अभ्यास केला.

थर दिसले

पोलादाचा धंदा वाढला, रूळ आणि पत्रे का तुटतात हा प्रश्न महाग पडू लागला, तेव्हा लोकांना सॉर्बी आठवला. १८८० च्या दशकात तो पुन्हा या कामाला बसला. साधारण ६५० पट मोठं करून बघितल्यावर पोलादात मोत्यासारखा चमकणारा भाग दिसला. तो भाग म्हणजे अतिशय पातळ थरांची चळत होती: एक थर लोखंडाचा, एक लोखंड-कार्बनच्या संयुगाचा. याला आज पर्लाइट म्हणतात.

आता कोयत्याकडे या. तापलेलं पोलाद हळू थंड झालं की कार्बनला सरकायला वेळ मिळतो आणि हे थर बनतात. एकदम पाण्यात गेलं की कार्बन जागच्या जागी अडकतो आणि कडक पण ठिसूळ रचना तयार होते. म्हणून पाणी दिल्यावर पातं पुन्हा थोडं तापवतात. कडकपणा जरा उतरतो, पण पातं चिवट होतं. रसायन तेच राहतं, बदलते ती आतली रचना.

विमानाच्या इंजिनात तीच गोष्ट

एअर इंडियाच्या बोइंग ७८७-८ विमानांत जीईएनएक्स इंजिनं आहेत. त्यांच्या मागच्या बाजूच्या काही टर्बाइन पात्यांचा मिश्रधातू टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमचा आहे. दर शंभर अणूंत ४८ ॲल्युमिनियमचे, २ नायोबियमचे, २ क्रोमियमचे, बाकी टायटॅनियम. वजन नेहमीच्या निकेल मिश्रधातूच्या साधारण निम्मं. नायोबियममुळे तापल्यावरही तो हवेत लवकर खराब होत नाही.

या धातूतही थंड होताना थरांची चळत बनू शकते. हळू थंड केला तर थर जाड, लवकर केला तर पातळ, आणि फारच झटकन केला तर थर न बनता वेगळीच रचना. थर किती आणि कसे, यावर पात्याची ताकद ठरते.

यात आपल्या देशाचाही वाटा आहे. १९८८ मध्ये हैदराबादच्या संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळेतले दीपांकर बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी नायोबियम असलेल्या अशाच मिश्रधातूत अणूंची एक नवी मांडणी शोधली. जगभर ती ‘ओ फेज’ म्हणून ओळखली जाते.

शेवट

९ मार्च १९०८ रोजी सॉर्बी वारला, वयाच्या ८१ व्या वर्षी. त्यानं घासलेले पोलादाचे तुकडे शेफील्ड विद्यापीठानं जपून ठेवले आहेत. इंजिनाचं पातं तुटलं तर आजही इंजिनिअर त्याचा तुकडा कापतात, घासतात, आम्ल लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. तुमच्या घरातला मोडका कोयता तपासायचा झाला, तरी हेच करावं लागेल.