दोर तुटला तर?

फर्स्ट इयरच्या व्हायवाला सरांनी मला एकच प्रश्न विचारला. लिफ्टचं वस्तुमान ५०० किलो, दोरातलं टेन्शन ५५०० न्यूटन, तर त्वरण किती? मी ५५०० ला ५०० ने भागलं आणि ११ असं उत्तर ठोकून दिलं. सरांनी काही न बोलता जर्नल मिटून हातात दिलं. रात्री मेसमध्ये रूममेटने ताटाशेजारीच फ्री बॉडी डायग्राम काढून दाखवली. दोर वर ओढतो ५५०० ने, वजन खाली ओढतं ४९०० ने. उरले ६००. त्याला ५०० ने भागा, त्वरण १.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. न्यूटनच्या दुसऱ्या नियमातलं बल म्हणजे निव्वळ बल, हे मी बारावीपासून घोकत होतो. कळलं त्या रात्री!

तेव्हापासून लिफ्टबद्दल वाचायचा नाद लागला आणि एलिशा ग्रेव्हज ओटिस भेटला. लिफ्टवर हे आडनाव आपण सगळ्यांनी वाचलंय, पण माणूस फारसा कुणाला ठाऊक नसतो.

ओटिसचा जन्म ३ ऑगस्ट १८११ चा, अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या हॅलिफॅक्स गावी, शेतकऱ्याच्या घरात. इंजिनिअरिंगची डिग्री वगैरे काही नाही. तरुणपणी घर सोडलं. घोडागाडीवर माल वाहिला, गिरणी काढली, गाड्या बांधल्या. कशातच जम बसेना, त्यात आजारपण. पहिली बायको दोन लहान मुलं मागे ठेवून वारली. पुढे ऑल्बनीला स्वतःचं वर्कशॉप टाकलं. ते ओढ्याच्या पाण्यावर चालायचं. शहराने तो ओढाच पाणीपुरवठ्यासाठी घेतला आणि वर्कशॉप बसलं.

१८५२ साली तो यॉन्कर्सला पलंगाच्या कारखान्यात कामाला होता. जड सामान वरच्या मजल्यावर चढवायचं होतं. माल उचलायचे पाळणे तेव्हाही होते, पण दोर तुटला की खेळ खलास. आपल्याच समीकरणात बघा. टेन्शन शून्य झालं की उरतं फक्त वजन, म्हणजे त्वरण थेट ९.८, खालच्या दिशेने. दहा मीटरवरून पडलेला पाळणा जमिनीवर ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने आदळतो. आत माणूस असेल तर बोलायलाच नको.

दुसऱ्या कुणी दोर आणखी जाड केला असता. ओटिसने दोर तुटणारच असं धरलं आणि पुढचा विचार केला. पाळण्याच्या माथ्यावर त्याने गाडीच्या पाट्यासारखी स्प्रिंग बसवली आणि दोर तिला बांधला. दोर ताणलेला असेतो स्प्रिंग वाकलेली राहायची. दोर तुटला, टेन्शन गेलं, की ती सरळ व्हायची आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकायची. पाळणा जागच्या जागी थांबायचा. ज्या शून्य टेन्शनने माणसं मरायची, त्याच शून्य टेन्शनने ब्रेक लागायचा. कसली भारी आयडिया!

पण गिऱ्हाईक येईना. म्हणून १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात तो स्वतःच पाळण्यावर उभा राहिला, उंच गेला आणि सगळ्यांसमोर दोर तोडायला लावला. पाळणा जरासा खाली सरकला आणि थांबला. स्वतःच्या डिझाइनवर स्वतःचा जीव टांगणारे किती जण असतील? २३ मार्च १८५७ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या हॉवूट यांच्या पाच मजली दुकानात त्याची प्रवासी लिफ्ट सुरू झाली.

८ एप्रिल १८६१ ला घटसर्पाने तो गेला, पन्नाशीही न गाठता. चार्ल्स आणि नॉर्टन या मुलांनी धंदा वाढवला. १८८९ साली आयफेल टॉवरमध्येही ओटिस कंपनीच्या लिफ्ट लागल्या. ते बघायला एलिशा नव्हता.

आपल्या हॉस्टेलला लिफ्ट नाही, त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या मंडळींना हे सगळं वाचून रागच येईल. पण कुठेही लिफ्टमध्ये चढलात आणि सुटताना पाय जरा जड वाटले, तर समजा, ते टेन्शन उणे वजन आहे. आणि व्हायवाला जाताना वजन वजा करायला विसरू नका, माझ्यासारखं!