वसईचा दुभाष्या : जपानमध्ये प्राण दिलेले संत गोन्सालो गार्सिया

सिल्वासा : फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जगभरातली कॅथलिक चर्च नागासाकीच्या २६ हुतात्म्यांची आठवण काढतात. त्या २६ जणांत एक नाव आपल्या किनारपट्टीचं आहे. सिल्वासा, दमण, वापी, तलासरी, डहाणू या पट्ट्यात राहणाऱ्या अनेकांनी ते वसईच्या एखाद्या चर्चच्या किंवा कॉलेजच्या पाटीवर वाचलेलं असतं, आणि तिथेच सोडून दिलेलं असतं. गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत. पण पाद्री ते कधीच नव्हते. दुकानदार होते, दुभाष्या होते, आणि शेवटची काही वर्षं गरीब रुग्णांची सेवा करणाऱ्या मंडळींत होते.

त्यांचा जन्म १५५६-५७च्या सुमारास वसईत झाला. १५३४च्या तहाने वसई गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांच्या हाती गेली होती आणि पुढे १५५९मध्ये दमणही गेलं. वडील पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच, कोकणातली. अशी घरं तेव्हा वसईत बरीच होती. गोऱ्यांच्या दरबारात ही मुलं देशी, आणि गावात फिरंग्याची. सीमेवर राहणाऱ्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. गुजरातेत मराठी आणि महाराष्ट्रात गुजराती ठरण्याचा अनुभव आपल्यापैकी किती जणांनी घेतला असेल!

गोन्सालो वसईच्या किल्ल्यातल्या जेझुइटांच्या शाळेत शिकले. जेझुइट म्हणजे येशूसंघाचे पाद्री, शिक्षणात आणि दूरदेशी धर्मकार्यात तेव्हा सगळ्यांत पुढे असलेले. हा पोरगा जेमतेम पंधरा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला निघाला. १५७२मध्ये तो तिथे पोहोचला. नागासाकी बंदर पोर्तुगीज जहाजांसाठी आदल्याच वर्षी, १५७१मध्ये खुलं झालं होतं. गोव्याहून निघालेलं जहाज मलाक्का, मग मकाव, मग नागासाकी असं जाई, आणि योग्य वारा सुटेपर्यंत मधल्या बंदरांत महिनोन्महिने पडून राही. घरी परतायची खात्री कुणालाच नसे. गोन्सालो वसईला पुन्हा आलेच नाहीत.

जपानी भाषा युरोपातून आलेल्या पाद्र्यांना फार जड जाई. गोन्सालोंना ती लवकर आली. माझ्या मते यात आश्चर्य काही नाही. ज्या पोराने लहानपणापासून घरात एक, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा ऐकली, त्याचा कान तयारच असतो. सिल्वासाच्या बाजारात भाजीवाली वारली, गुजराती, मराठी आणि हिंदी अशा चार बोलींत भाव सांगते, तिला कुणी भाषापंडित म्हणत नाही. गोन्सालो सुमारे आठ वर्षं गावोगाव धर्मशिक्षण देत राहिले. लोकांना ते आवडत, कारण ते लोकांच्याच बोलीत बोलत.

त्यांना जेझुइट संघात रीतसर प्रवेश हवा होता. तो मिळाला नाही. आज-उद्या करत वर्षं गेली. त्या काळी संघात घेताना माणसाचा जन्म पाहिला जाई, आणि इथे जन्मलेल्या, मिश्र रक्ताच्या तरुणांना आत घ्यायला वरिष्ठ नाखूश असत. काम चालेल, पण पंगतीत बसायला जागा नाही, अशातला तो प्रकार. ज्यांनी शिकवलं, वाढवलं, त्यांच्याकडूनच हा नकार आला. दुसरा कुणी कडवट होऊन धर्मच सोडून बसला असता.

गोन्सालोंनी धंदा सुरू केला. जपान आणि आसपासच्या बंदरांत त्यांची व्यापारी म्हणून उलाढाल होऊ लागली. मी स्वतः कॉमर्सचा पदवीधर, त्यामुळे त्यांच्या आयुष्याचा हा भाग मला घाईने उरकावासा वाटत नाही. त्या वेळचा पूर्वेकडचा मोठा व्यवहार असा होता, की चीनचं रेशीम जपानला न्यायचं आणि तिथली चांदी चीनकडे आणायची. दोन्ही देशांचा थेट व्यापार बंद होता, म्हणून मधल्या माणसाला नफा. ज्याला जपानी येते, पोर्तुगीज येते आणि ज्याच्या शब्दावर जपानी गिऱ्हाईक विश्वास ठेवतं, त्याचं दुकान चालणारच. त्यांचंही चाललं. पैसा आला, नाव झालं. धंद्याच्या निमित्ताने स्पॅनिश लोकांच्या ताब्यातल्या मनिलाला फेऱ्या होऊ लागल्या. तिथे त्यांची गाठ फ्रान्सिस्कन साधूंशी पडली. हे लोक अनवाणी, ठिगळांच्या झग्यात, भिक्षेवर जगणारे. महारोग्यांजवळ बसणारे. जमवलेलं सगळं सोडून गोन्सालो १५८७मध्ये या संघात ब्रदर म्हणून दाखल झाले. ब्रदर म्हणजे दीक्षा घेतलेला, पण पाद्री नसलेला बंधू. मिस्सा अर्पण करायचा अधिकार नाही, वाट्याला कष्टाची कामं.

त्याच वर्षी जपानमध्ये सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने ख्रिस्ती मिशनऱ्यांना देश सोडायचा हुकूम काढला होता. तो पुरता अमलात आला नाही, पण टांगती तलवार होती. पुढे हिदेयोशीने फिलिपिन्सने आपली सत्ता मान्य करावी अशी मागणी केली. मनिलाचा गव्हर्नर घाबरला. वाटाघाटीसाठी त्याने १५९३मध्ये फादर पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन साधूला वकील म्हणून पाठवलं, आणि सोबत दुभाष्या म्हणून ब्रदर गोन्सालो. हिदेयोशीची भेट क्यूशू बेटावरच्या नागोया किल्ल्यात झाली. (आजचं मोटारी बनवणारं नागोया शहर ते हे नव्हे.) कोरियावरच्या स्वारीसाठी तो तिथे तळ देऊन होता.

थोडं थांबून विचार करा. एका बाजूला आशियातला अतिशय बलाढ्य आणि तितकाच लहरी माणूस, दुसऱ्या बाजूला स्पेनच्या राजाचा गव्हर्नर, आणि मध्ये वसईचा हा अनवाणी माणूस. एक शब्द चुकला तर लढाई. लढाई झाली नाही. उलट साधूंना राहायची परवानगी मिळाली आणि क्योतो या राजधानीत जागाही मिळाली.

१५९४मध्ये क्योतोत त्यांचं चर्च उभं राहिलं. त्याच्याजवळ त्यांनी गरिबांसाठी दोन दवाखाने काढले, एक संत आनाच्या नावाने आणि एक संत जोसेफच्या. तिथे महारोगी येत. तेव्हा महारोग झाला की घरचेही दार लावत, जपानात तसं आणि आपल्याकडेही तसंच. या रुग्णांना अंघोळ घालणं, जखमा धुणं, जेवू घालणं, हे साधू आणि त्यांच्याभोवती जमलेली जपानी मंडळी करत. त्यात एक वैद्य होता, एक औषधं विकणारा, एक स्वयंपाकी, एक तलवारी घडवणारा. या साध्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारा साधू म्हणजे गोन्सालो. आज मिशनचं काम म्हटलं की आपल्या आदिवासी पट्ट्यात लगेच दोन तट पडतात. क्योतोतल्या या दोन दवाखान्यांत मात्र आधी जखम धुतली जाई.

तरी एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. हिदेयोशीचा संशय हवेतला नव्हता. आधी पाद्री येतात, मागून फौज येते, ही भीती त्याच्या मनात होती. खुद्द वसईत पोर्तुगीजांनी देवळं पाडली होती, हा इतिहास आहे. शिवाय बंदी असताना फ्रान्सिस्कन उघड प्रचार करत होते. जेझुइटांना तो धोका वाटत होता, आणि ते चूक नव्हते.

ऑक्टोबर १५९६मध्ये ठिणगी पडली. मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं सान फेलिपे हे मालाने भरलेलं स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांतात फुटलं. माल जप्त झाला. जहाजाच्या तांडेलाने नकाशा दाखवून स्पेनच्या राजाच्या विजयांची बढाई मारली आणि मिशनरी वाट तयार करतात असं सांगितलं, अशी कथा आहे. बढाईने डोकं फिरलं असेलही. पण मला आधी दिसतो तो माल. कोरियाच्या लढाईने तिजोरी खाली केलेली आणि दारात आयतं घबाड आलेलं. माल ठेवून घ्यायचा तर मालकाला गुन्हेगार ठरवणं सोयीचं असतं. डिसेंबरमध्ये क्योतो आणि ओसाकातले साधू पहाऱ्यात ठेवले गेले आणि मृत्युदंडाचा हुकूम सुटला.

३ जानेवारी १५९७ला क्योतोत २४ जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला. गाड्यांतून त्यांची धिंड निघाली. मग ऐन थंडीत, बर्फातून, महिनाभर नागासाकीकडे वाटचाल. वाटेत त्यांची सेवा करायला आलेले दोघेजण त्यांच्यातच धरले गेले आणि २६ झाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट, बाकी सतरा साधे जपानी ख्रिस्ती. सगळ्यांत लहान लुईस इबाराकी १२ वर्षांचा. थोमास कोझाकी नावाच्या किशोरवयीन मुलाने वाटेतून आईला पत्र लिहिलं. ते पुढे त्याच्याबरोबर मारल्या गेलेल्या वडिलांच्या कपड्यांत सापडलं.

५ फेब्रुवारीला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ क्रूस मांडले होते. गोन्सालो स्वतःच पुढे होऊन आपला क्रूस कोणता ते विचारू लागले आणि गुडघे टेकून त्याला मिठी मारली, असं परंपरा सांगते. दोरांनी आणि लोखंडी कड्यांनी बांधून सगळ्यांना भाल्यांनी मारलं गेलं. गोन्सालोंचं वय चाळीस. ज्या संघाने त्यांना नाकारलं होतं, त्याचे तिघेही त्याच रांगेत होते.

पोपने १६२७मध्ये या सर्वांना धन्यवादित आणि ८ जून १८६२ला संत म्हणून घोषित केलं. मधल्या काळात वसईचं राज्य बदललं. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण इथले ख्रिस्ती आपल्या वाड्या आणि आपली बोली धरून राहिले. पोर्तुगीज मग आपल्या बाजूला आले. मराठ्यांनी सांताना नावाच्या त्यांच्या जहाजाचं नुकसान केलं होतं, त्याच्या भरपाईत १७८३मध्ये नगर हवेली त्यांना मिळाली आणि १९५४पर्यंत राहिली. म्हणूनच वसईला आज स्वतःचा धर्मप्रांत आहे आणि सिल्वासाचं चर्च गोवा-दमणच्या धर्मप्रांतात मोडतं.

नागासाकीच्या त्या टेकडीवर १९६२मध्ये स्मारक झालं. २६ ब्राँझच्या मूर्ती एका ओळीत, त्यात गोन्सालो आहेत. इकडे गास गावात त्यांच्या नावाचं चर्च आहे, वसईत त्यांच्या नावाचं आर्ट्स आणि कॉमर्स कॉलेज आहे. किल्ल्यातलं जेझुइटांचं जुनं चर्चही लोक आज गोन्सालो गार्सिया चर्च म्हणूनच ओळखतात. वापीहून गाडी पकडली तर दोन-अडीच तासांत वसई रोड येतं. तिथून किल्ल्याला बस आणि रिक्षा मिळतात. किल्ला मोठा आहे, दुपारचं ऊन टाळून जावं.